पाहिजे

सातव्यांदा लिहितोय ही जाहिरात.
आधीच्या सहा फाइलीत आहेत, टाचण्या गंजलेल्या.
सगळ्यांचा पहिला शब्द एकच: पाहिजे.
खाली 'एमबीबीएस, एक पद',
त्याखाली 'वेतन योग्यतेनुसार',
आणि तळाशी, माझ्याच हातचं, 'निसर्गरम्य परिसर'.

शेवंता सिस्टरनं त्यावर बोट ठेवलं होतं.
"तुमचा निसर्ग म्हणजे कोनता जी?
लेबर रूममंधी निघाली ते मण्यार?"

मी हिशेबनीस.
वीस खाटांच्या दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या मोजतो.
डॉक्टर कसा बोलवायचा, मला काय ठाऊक?
जुना ट्रॅक्टर विकायचा असता तर लिहिलं असतं
मॉडेल, तास, टायर किती टक्के,
आणि क्लच बदलावा लागेल, हेही.
ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण खोटं बोलत नाही,
घेणारा दारात येऊन सुरू करून बघतो.

म्हणून या वेळी आधी फोन केले.
जे गेले, त्यांना.

डॉ. कोमावार एक्केचाळीस दिवस होते.
मला वाटलं, पगार म्हणतील. लाइट म्हणतील.
बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"जेवायला सोबत नव्हती कोणाची.
डबा यायचा. डबा चांगला होता."

डॉ. नुसरत काझी म्हणाल्या,
"रात्री दोनला दार वाजायचं.
ठेवायचं की यवतमाळला पाठवायचं, मीच ठरवायचं.
एक नंबर हवा होता, विचारायला.
नुसता नंबर."

तिसऱ्यानं फोन उचलला नाही.
तेही मी वहीत लिहून ठेवलं.

पाहिजे: एक डॉक्टर.
गाव खैरगव्हाण. पांढरकवड्याहून एसटी दोनदा,
त्यातली संध्याकाळची भरवशाची नाही.
पगाराचा आकडा लिहिला. अध्यक्ष म्हणाले, आकडा झाका.
झाकला की माणूस कमीच धरतो. ठेवला.
महिन्याला वीस-बावीस बाळंतपणं.
पावसाळाभर साप, आणि फवारणीच्या दिवसांत
ज्यांना चालत आणतात ते, ज्यांना उचलून आणतात ते.
सापाची लस: आज अठरा बाटल्या. दर सोमवारी मी मोजतो.
एक्स-रे आहे, चालवणारा बुधवारी येतो.
सोनोग्राफी नाही. 'लवकरच' असं लिहिलं होतं, खोडलं.
क्वार्टरच्या दोन खोल्या. एका भिंतीला ओल.
पेशंट मराठी बोलतात, गोंडी, कोलामी.
ॲम्ब्युलन्सवरचा लिंगाजी आत्राम तिन्ही बोलतो,
आणि वाटेत शिकवतो, फुकट.
सलग तीन रात्री झाल्या की चौथी सुटीची,
यावर अध्यक्षांची सही आहे, शिक्क्यासकट.
रात्रीचा नंबर: यवतमाळच्या एका मॅडमचा.
कितीही वाजता, असं त्या स्वतः म्हणाल्या.
जेवण आठला, सिस्टरकडं, सगळ्यांसोबत.
भाजी तिखट असते.

पेपरच्या एजंटनं शब्द मोजले, चष्मा काढला.
"भाऊ, हे जाहिरात नाही. हे पत्र हाय."
म्हटलं, मग पत्राचा दर लाव.

अकरा दिवस काहीच नाही.
बाराव्या दिवशी दुपारी एक फोन.
पोरीचा आवाज, मागं एसटी स्टँडचा गोंगाट.
पगाराचं विचारलं नाही, सापाचंही नाही.
"ओल कुठल्या भिंतीला आहे?"
पश्चिमेच्या, मी म्हणालो.
"म्हणजे पलंग पूर्वेला लावता येईल."
आणि रेंज गेली, की तिनंच ठेवला.
नाव विचारायचं राहिलं.

येईल, न येईल.
"जड हाय हो हा," लिंगाजी म्हणाला,
आणि दुसरं टोक धरलं.
फरशीवर पलंगाच्या पायांचे जुने चार डाग उघडे पडले,
पश्चिमेच्या भिंतीलगत.