एक जास्त

मी गोलकीपर. मला खेळ लांबून दिसतो
आणि पाठमोरा.
पायाला मुलांचे क्रिकेटचे पॅड, छातीला
आईने जुनी उशी उसवून शिवलेलं काहीतरी,
आणि शंभर पावलांवर आमच्या पोरी
चेंडूभोवती, गुळाच्या ढेपेला मुंगळे तशा.

अर्जुनीच्या सामन्यात त्यांच्या सहा नंबरला पिवळं कार्ड मिळालं,
मग चौदा नंबरला.
पाच आणि पाच, दहा मिनिटं
त्या दहा, आम्ही अकरा.
दहा मिनिटांत आमचा एक फटका,
तोही पंचांच्या नडगीवर.

परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही.
टेकाम मॅडम फक्त म्हणाल्या,
अकरा असताना तुम्ही नऊसारख्या खेळता, काहून?
कुणालाच माहीत नव्हतं.
मला थोडंसं माहीत होतं.
एक जास्त असली की प्रत्येकीला वाटतं
ती जास्तीची म्हणजे दुसरी कुणीतरी.

मॅडम शिकवतात भूगोल.
पोलीस भरतीत दोन सेंटीमीटरने राहिल्या,
हॉकी तिथली, शिट्टीही तिथलीच.
त्यांनी काठ्यांना नवी टेप लावली,
जोरात मारा म्हणाल्या, मग हळू मारा म्हणाल्या,
छकुलीला डावीकडून काढून उजवीकडे लावलं.
छकुली उजवीकडे जाऊन डावीकडेच धावली.

रविवारी पहाटे तलावावर जाळं ओढायला सगळे होते,
सात जण, कमरेपर्यंत पाणी,
हो-हो करत, काठ्या आपटत.
वाघू मामा तेवढा दूर,
गळ्याइतक्या पाण्यात, हातजाळं धरून, गप.
मी विचारलं, मामा, तू काहाले नाई ओढत?
तो हलला नाही. ओठही फारसे नाही.
"सप्पाच ओढू लागलो त
मासोरीले समजते, कोनीकडं पराचं."

सोमवारी मी मॅडमना सांगितलं.
नीट सांगता आलं नाही, मासळीतच अडकले.
पण त्यांनी चेंडू उचलून पर्समध्ये टाकला
आणि दोन दिवस दिलाच नाही.
राइसमिलचा कोंडा आणून गोल काढले,
लांबच्या खांबापाशी एक, ताटाएवढा.
यात उभं राहायचं. कोण?

दुर्पता. सगळ्यात पळणारी तीच.
ती रडायलाच आली.
मी काय बुजगावणं आहे का मॅडम?
पहिल्या दिवशी बारा वेळा बाहेर आली.
दुसऱ्या दिवशी सात.
तिसऱ्या दिवशी चेंडू परत मिळाला
आणि पुन्हा बारा.
मी माझ्या गोलातून ओरडत होते, ताटात, ताटात!
गुरं चारणारा म्हातारा थांबून बघायचा
की इथे जेवण कुठे आहे.

गोंदियाला दुसऱ्या अर्ध्यात
त्यांची उंच पोर कार्ड घेऊन बाकावर बसली.
शून्य-शून्य. पाच मिनिटं.
दुर्पता खांबापाशी गेली. तिथे कोंडा नव्हता,
हिरवी खोटी टर्फ, ओली.
ती उभी राहिली.
मला तिची पाठ दिसत होती, आणि उजवा पाय,
डाव्या पोटरीवर घासत,
डास असेल, किंवा पळायची खाज.

दोन मिनिटं गेली. तीन.
मग त्यांच्या एकीने मागे वळून पाहिलं.
ही काय करतेय इथे?
पुन्हा पाहिलं. मग सरकली तिच्याकडे,
सहा पावलं, मी मोजली.
त्या सहा पावलांच्या जागेत
छकुली, चक्क डावीकडून,
आणि लाकडावर चेंडू पडल्याचा तो आवाज
माझ्यापर्यंत उशिरा आला,
पोरींच्या किंकाळीच्या नंतर.

कागदावर छकुलीचं नाव. बरोबरच आहे.
टेम्पोत दुर्पता माझ्याशेजारी बसली, फुगलेली.
पाच मिनिटं, म्हणाली, काठीला चेंडू लागला नाही एकदाही.
मी तिला चिवडा दिला.
तिने घेतला, पण खिडकीकडे तोंड करून खाल्ला,
आणि नवेगाव मागे पडल्यावर, अचानक:
"ती कितीदा पाहे माह्याकडं?"
दोनदा, मी म्हटलं.
"तीनदा," ती म्हणाली.