मागच्या आसाला कुलूप

औजच्या बंधाऱ्याखाली, भीमेच्या पात्रात,
मार्चात पाणी कडेला सरकतं
आणि मधे उरते वाळू, मऊ, भाजकी,
चाळणीतून पडल्यासारखी.
तिथं आमची कलिंगडं.
बाजार तिकडे सोलापुरात,
आणि डांबर लागेस्तोवर अर्धा मैल
जो कुणाच्याच बापाचा नाही.

परवा जीप तिथंच बसली.
म्हणायला चारी चाकं चालू.
मागचं डावं तेवढं गरगर फिरत होतं,
आपलाच खड्डा खणत,
आणि उजवं शेजारी, बऱ्या जागेवर,
गप्प उभं.
सहा क्विंटल माल उन्हात.
शेवटी अप्पू लांबतुरेच्या बैलांनी ओढली.
बैलांच्या डोळ्याला डोळा दिला नाही मी.

सिद्राम म्याकल, अक्कलकोट रोड, एमआयडीसीच्या मागं.
आधी यंत्रमागावर जॉबर होता,
माग भंगारात गेले, हा डिफरन्शियल उघडू लागला.
गाडीखालूनच बोलला,
"का बे दस्तगीर, टायरात हवा किती?"
"तीस."
"वाळूत तीस!" पाना खाली ठेवल्याचा आवाज.
"पंधरावर आण आधी. पसरू दे टायर
उंटाच्या पायावानी. कुलपाचं मग बोलू."

मग विटक्या चादरीवर, मोराच्या पिसाऱ्यावर,
त्यानं मांडले तेलकट लहान गिअर.
"ह्यांचा स्वभाव बघ.
जिकडं अडत नाही, तिकडं सगळं देऊन टाकायचं.
डांबरावर वळताना हेच शहाणपण,
बाहेरचं चाक जास्त पळतं, पळू देतात.
वाळूत हेच गाढवपण."

एक होतं चकत्यांचं. थोडं अडवतं, थोडं सोडतं,
चकत्या झिजल्या की नुसतंच सोडतं.
एक आपोआप लागणारं, स्वस्त,
पण वळणावर कडाकडा वाजतं,
ओल्या रस्त्यावर मागून ढकलतं.
एक हवेचं, बटणावर. कॉम्प्रेसर, नळ्या,
आणि एक नळी फुटली की नदीत बसून रहा.
एक केबलचं, दांडा ओढायचा हातानं.
"आणि पुढच्या आसाला?" मी विचारलं.
"पुढं लावलंस की स्टिअरिंग ऐकत नाही तुझं.
नाकासमोर जाशील सरळ. कर्नाटकात."

हलिमा जुन्या टायरावर बसून
ट्रिपांचा हिशोब लिहीत होती.
खिशात बत्तीस हजार, त्यातले नऊ
तिच्या भावाच्या लग्नाचे, ते मी मोजलेच नव्हते.
वर न बघता म्हणाली,
"ह्यातलं कुठलं सोडता येतं, आपल्याला हवं तेव्हा?"
सिद्राम हसला. केबल उचलली.

खरं सांगतो, पहिले आठ दिवस
दांडा ओढलाच नाही.
हवा उतरवली की जीप तरंगल्यागत जायची,
आणि मला ते पैसे टोचायचे.
नवव्या दिवशी, ओल्या कडेजवळ,
पुन्हा तो आवाज, तीच गरगर.
थांबलो. ओढला दांडा.
खालून एक टक्क.
आणि ते उजवं, ते गप्प बसणारं,
हळूच, मनाविरुद्ध म्हणा, फिरायला लागलं.
निघालो बाहेर.
एवढा खूश की तसाच चढ चढलो,
वळणावर गाडी वळेना, बाभळीला घासली.
"सोड की आता," हलिमा म्हणाली,
आणि तिनंच ढकलला दांडा आत.

डांबराच्या कडेला उकिडवं बसून
चारी टायरांत हवा भरायची, परत तीस.
पायपंपानं वीस मिनिटं.
ही वीस मिनिटं कुठल्याच हिशोबात नाहीत,
तिच्या वहीतही नाहीत.
मी मारतो पंप.
ती डागी कलिंगड गुडघ्यावर फोडते,
आणि बियांसोबत
थोडी वाळूही थुंकते.