लगेजचं तिकीट

कंडक्टर विचारायचा, हे काय होय जी?
डोमाजी म्हणायचा, गिटार.
चार पायाचं? म्हणून कंडक्टर हसायचा
आणि इस्तरीच्या टेबलाचं लगेज फाडायचा, वडसा ते सिंदेवाही.
ते तिकीट डोमाजी वहीत जपून ठेवायचा.
मी बारा वर्षांचा, मागचे दोन पाय धरायला.

फळी सागाची, मोडक्या बंडीच्या साटीतली.
तारा दहा.
तारांखाली कॉइल, जळक्या मोटरपंपाची वायंडिंग उकलून
उन्हाळाभर गुंडाळलेली,
वेढे मोजताना कोणी हाक मारली
की पुन्हा एकपासून.
गुडघ्याशी स्कूटरचा ब्रेक.
पायडल तीन: एक लूनाचं, एक ट्रॅक्टरच्या क्लचचं,
आणि मधलं पारबताबाईच्या शिलाई मशीनचं,
न विचारता काढलेलं.
तेव्हापासून ती हातानं चाक फिरवून शिवायची
आणि त्याच्याशी कमी बोलायची.

डाव्या हातात गजन पिन, घासून आरसा केलेली.
तारेवरून ती सरकायची, कुठेच दाबायची नाही.
पेटीतले सूर आपापल्या खोलीत राहतात,
डोमाजी म्हणे, आपले धुऱ्यावरून चालत येते गा.
पाय घसरला त घसरू द्याचा,
पन कुठं पोचाचं थे डोक्सात पायजे.

स्टेजपुढच्या खड्ड्यात आमची जागा.
नाटक रात्री दहाला, पोरीची पाठवणी पहाटे चारला.
तेव्हा तो मधलं पायडल दाबायचा.
एक तार जागीच राहायची,
दुसरी वर चढायची, तिसरी अर्धीच,
बाप उभा आणि पोरगी निघालेली,
दोघं एकाच फळीवर.
मंडपात बायका पदर लावायच्या डोळ्यांना
आणि सकाळी नळावर म्हणायच्या,
नटीनं काय रडवलं वो!

एकदा पारबताबाई आली बघायला, पोतं अंथरून बसली.
पायडल करकरलं
तसा तिचा उजवा पाय पोत्यावर हलला, आपोआप.
घरी येऊन एवढंच म्हणाली,
माह्या मशीनले तेल दे.

नवरगावकडच्या एका गावात ऐन पाठवणीत जनरेटर बसला.
अंधार. शिट्ट्या. नटी वाक्यातच थांबली.
डोमाजी थांबला नाही.
बिनकरंटच्या दहा तारा, डासाएवढा आवाज,
दोन हातांवरच्या तबलजीलाही कळेना.
मी खाली शिरून सागाला कान लावला.
आत सूर होता,
आणि वायर सरकल्याचा, स्प्रिंग ताणल्याचा,
त्याच्या गुडघ्याच्या हाडाचा,
नाकातून सोडलेल्या श्वासाचा आवाज.
मग लाइट आले, भोंगे गरजले,
तेच गाणं मोठं झालं.
मला ते थोडं खोटं वाटलं.
अजूनही वाटतं, भोंग्यातलं काहीही.

पुढं कंपनीनं ऑर्गन आणला.
बटन सव्वीस: स्टील गिटार.
मालक म्हणाला, डोमाजी, यंदापासून आराम करा.
डोमाजीनं बटन एकदा दाबून पाहिलं.
सूर चांगला आहे, म्हणाला,
पन याले कुठूनच यावं लागत नाही.

आता मी ऑक्टोपॅड वाजवतो, पाठीवर मावतो तो,
लगेज लागत नाही.
हंगामाआधी फाटके पोशाख घेऊन त्यांच्याकडे जातो.
चार पायांवरची फळी पडवीत उभी,
नातीचा शाळेचा गणवेश तिच्यावर इस्तरी होतो,
कंडक्टर खरा ठरला.
मधलं पायडल परत मशीनला.
पारबताबाई शिवते, करकर होते,
आणि खाटेवर बसल्या बसल्या
डोमाजी मांडीवरून गजन पिन सरकवतो, सावकाश.

परवा विचारलं, कुठवर गेला सूर?
नागभीड पास झालं, म्हणाला.
कंडक्टर आला नाही अजून.