इयत्ता IV

नंदुरबारच्या वेशीबाहेर, मिरचीच्या पठारीला लागून
आमची शाळा.
दारावर कुण्या जुन्या गुरुजींनी रंगवलेलं : इयत्ता IV.
"ही अक्षरं रोमची," म्हटलं,
तर सगळे दाराकडे असे वळले
जणू उंबऱ्यात पाहुणा उभा आहे.

रोमचे रस्ते सरळ, दगडी.
रोममध्ये अंघोळीला वाड्याएवढी घरं, पाणी गरम.
"बाई, फुकट?" जिजाबराव.
"जवळजवळ."
वर्गभर हळहळ.

पुठ्ठ्याच्या ढाली केल्या खोकी फाडून.
डोक्यावर ढाल, समोर ढाल,
बावीस शिपायांचं एकच कासव
व्हरांडा ओलांडून निघालं.
पाण्याची टाकी जिंकली,
हेडसरांची सायकल जिंकली,
खिचडीचं पातेलं तर न लढताच शरण आलं.

तेवढ्यात पठारीवरून वारा फिरला.
कासवाला आतून शिंक आली.
मग दुसरी, मग मोजता येईनात.
ढाली खाली, साम्राज्य
सदऱ्याच्या बाहीला नाक पुसतंय.

मोगरी वळवी तेवढी खेळली नाही.
तिची आई पलीकडे मिरचीचे देठ खुडते.
टाकीला टेकून म्हणाली,
"बाई, ज्यासनं गाव लिधं,
त्या लोके कठे ग्यात?"

मी पुस्तक चाळलं.
रस्त्यांना अख्खं पान होतं.

तिला वाटलं, मला तिचं बोलणं कळलं नाही.
थांबली. ओठांत जुळवलं,
आणि मी रोज सुधारते तसं, अगदी शुद्ध, विचारलं :
"ते लोक कुठे गेले?"

घंटेला अजून वेळ होता.