अकरावी बादली

मेंदू बादलीच्या तळाशी ठेवायचा नसतो.
आपल्याच वजनानं बसतो तो, चपटा होतो,
मळून ठेवलेल्या कणकेसारखा.
म्हणून बुडाशी जी मोठी रक्तवाहिनी असते
तिच्याखालून दोरा ओवायचा
आणि फॉर्मलिनमध्ये उलटा टांगायचा, तीन आठवडे.
वाल्दिवियाच्या या तळघरात सतरा वर्षं मी हेच करते.
वर नदी. नदीकाठी मासळीबाजार.
बाजारामागे समुद्रसिंह ओरडतात,
तो आवाज पाइपातून खाली येतो.

बादली क्रमांक दोनशे बारा:
एउलोखियो कार्कामो, चिलोए बेटावरचा,
जाळी विणणारा. वय एकोणऐंशी.
वजन तेराशे चाळीस ग्रॅम,
म्हणजे मध्यम मेर्लुसा माशाएवढं.

शिकाऊ पोरं येतात, त्यांना मी सांगते:
हा मोठा मेंदू, दोन अर्धगोल. डावा उजव्या हाताचा धनी,
उजवा डाव्याचा. का, ते मला विचारू नका.
मधला हा पांढरा पट्टा, इकडचं तिकडे सांगणारा,
प्रत्येक गल्लीत एक असतोच तसा.
मागे, खाली, लहान मेंदू. तोल याच्याकडे.
आत्ता त्या ओल्या जिन्यावर पडला नाहीत, याचे आभार माना.
हा देठ. श्वास इथून.
याला कधी सुट्टी नाही, आणि कुणी नावही घेत नाही.
आणि एवढी वळ्यांची दाटी कशासाठी?
मोठी चादर छोट्या पेटीत कोंबायची, दुसरं काय.
सगळ्या अंगाचं दुखणं इथं कळतं,
पण याला स्वतःला सुई टोचली तर कळत नाही.
पोरं लिहून घेतात.
एखादं पांढरंफटक पडतं, त्याला मी खुर्ची देते.

कार्कामोचा देठ मी आडवा कापला.
इथे दोन काळ्या रेघा असतात,
काजळाचं बोट ओढल्यासारख्या.
त्याच्या नव्हत्या.
पुसलेल्या पाटीवर उरतो तेवढाच रंग.

महिन्याभरानं त्याची मुलगी आली, इस्मेनिया.
ओला कोट काढलाच नाही.
"थरथर कुठे होती, ते दाखवा."
मी रेघ नसलेली जागा दाखवली.
नसलेली गोष्ट दाखवायला बोट कुठे ठेवावं
हे इतक्या वर्षांत मला जमलेलं नाही.
ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
"मांडीवर हात नुसता असला की कापायचा.
सुई धरली की गप्प.
शेवटी शेवटी आईचं नाव विसरले,
गाठ नाही विसरले.
ती कुठे होती?"

मी म्हटलं, आत, खोल, थोडी लहान मेंदूत,
म्हणजे तशी एका जागी नाही...
तिचं लक्ष पुढच्या बादलीकडे गेलं होतं.
"ही तुम्ही बांधली?"
हो.
"सुटेल."
रिळाचा दोरा ओढून
छताजवळच्या खिडकीतल्या पावसाकडे बघत
तिनं रिकाम्या बादलीच्या कडीला गाठ मारली.
त्यांनी शिकवली?
"छे. मध्ये मध्ये करते म्हणून रागवायचे.
मी समोर बसून बटाटे सोलत असायचे."

दोनशे चौदा. दोनशे पंधरा.
कागदावर काढून ठेवली होती मी: वरून, खालून, अंगठ्याभोवती.
ओठ हलायचे माझे. तिसऱ्यांदा सुटली.
पाचव्या बादलीला मी शिवी दिली, मेलेल्या माणसाला,
मग माफी मागितली.
बोटं ऐकत नव्हती,
किंवा डोकं फार बोलत होतं.

काल दोनशे चोवीस.
कुठल्याशा शाळेतली स्वयंपाकीण, नाव अजून वाचलं नव्हतं.
बसला सुटे पैसे आहेत का,
कोटाच्या डाव्या खिशात की उजव्या,
असं काहीतरी चाललं होतं मनात,
आणि खाली पाहिलं
तर गाठ बसली होती.