उष्टी काच

डॉक्टर ओलाया म्हणते, "कासिल्दा, मंगळावर
आधी तुझे ससे पोचतील, मग माणसं."
मी नेर्वा गावची. बाप खाणीत होता, त्याचा बापही.
आमच्या नदीचं पाणी लाल, आंबट.
मासा नाही, बेडूक नाही.
बापाचे जुने बूट एकदा काठावर राहिले पाण्यात,
आठवड्याने खिळे नव्हते, नुसतं चामडं.

म्हणून तर हे लोक आले माद्रिदहून,
मंगळासारखी जागा शोधत.
असल्या पाण्यातही कुणीतरी राहतं म्हणे,
दगड खातं, गंज हगतं,
आणि तक्रार करत नाही.
आम्ही गावकरी मान डोलावतो. ओळखीचं वाटतं.

माझं काम सशांचं.
सकाळी लसूणघास, पाणी, लेंड्या काढणं.
ओलाया मेलेले जंतू टोचते एकेकाला,
ससा आजारी पडत नाही, फक्त
दोन दिवस कान पाडून बसतो.
तेवढ्यात त्याचं रक्त शिकून घेतं
कोण आलं होतं, अंगावर काय पांघरून आलं होतं,
आणि मग विसरत नाही.
ते न विसरणं काढून घेतात,
काचेच्या पट्टीवर टिंब टिंब मांडतात,
नखाएवढ्या जागेत दोनशे टिंबं.

शेवटचं रक्त घेतात त्या दिवशी
मी मागे जाऊन पिंजरे धुते.
आधीच धुतलेले.

पेटी बापाच्या जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी.
चिमूटभर माती पाण्यात ढवळायची,
काचेवरून वाहू द्यायची, वरून लाल प्रकाश.
ओळख पटली तर टिंब उजळतं.
नाही पटली तर अंधार.
"आधी अंधार नीट ओळखता आला पाहिजे," ओलाया सांगते,
"म्हणून पहिल्यांदा कोरं पाणी.
ज्यात कुणी नाही."

मार्चमधली रात्र, नदीकाठचा तंबू.
कोरं पाणी सोडलं.
एकशे नव्याण्णव टिंबं काळी.
एक उजळलं.

कुणी बोललं नाही. जनरेटर एकटाच बडबडत होता.
गिरमिट चालवणाऱ्या फ्लोरेन्सियोने छातीवर क्रूस काढला,
मग ओशाळून कान खाजवला.
ओलायाने यादी उघडली. सातवी ओळ, बारावं टिंब.
एक्केचाळीस नंबर.

तो जाऊन दोन वर्षं झाली होती.
डावा कान फाटका. मिठाचा वेडा,
माझा तळहात चाटून चाटून लाल करायचा.
त्याच्या वाट्याला आलेला जंतूही काही खास नव्हता,
मातीत असतो, भिंतीत असतो,
माणसाच्या दातांत असतो.

तेव्हा मला आठवलं.
संध्याकाळी काचेवर धुळीचा कण दिसला होता.
मास्क खाली ओढून मी हलकेच फुंकर घातली होती,
पोराच्या डोळ्यात काही गेलं की घालतो, तशी.

सांगितलं. चार महिन्यांच्या मेहनतीची पट्टी,
मी उष्टी केली होती.
वाटलं, आता ही घरी पाठवणार.
ओलायाने वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं,
पेन जरा थांबलं. मग लिहिलं:
जीव सापडला. कासिल्दाचा.
आणि पट्टी कचऱ्यात न टाकता
माझ्या हातावर ठेवली.

ती आता स्वयंपाकघरात आहे, मिठाच्या बरणीमागे.
नवीन पट्टी बसवली त्या दिवशी
मी हात तीनदा धुतले, दोन मास्क लावले,
आणि लांब उभी राहून
उगाचच श्वास रोखून धरला.
स्क्रू एकेक करून बसत गेले. सहा होते.
फ्लोरेन्सियोने माझ्याकडे पाहिलं.
"लागलं झाकण," तो म्हणाला.
"आता घे."