वळण

अंबाझरीच्या मागे जे आहे
त्याला जंगल म्हणावं की नाही
यावर आमचा फाटकापाशी रोजचा वाद.
एका अंगाला हिंगणा रोडचे ट्रक,
दुसऱ्या अंगाला मेट्रोची ती बारीक शीळ,
डोक्यावर तारा, अखंड गुणगुणत्या,
आणि मधे कमरेएवढं कुसळ
जे घरी आल्यावरही सोडत नाही, मोज्यात बोलतं.

फाटकावर वही.
नाव, वेळ, सही, आणि शेवटचा रकाना: शेरा.
तिथे कोणी काही लिहीत नाही.
रात्रपाळीचा मडावी तेवढा लिहायचा,
तिरकं, पेन्सिलीनं:
'रोही नऊ. त्यातली एक लंगडी.'
'घोरपड पायपात.'
'कोणी नाही. हवा होती.'

एप्रिलात गवत पेटलं.
बिडीनं म्हणे, तारेच्या ठिणगीनं म्हणे.
दोन रात्री आमच्या गच्चीवरून दिसत होतं,
नारिंगी, दिवाळीसारखं, लाज वाटावी इतकं सुंदर.
नंतर नुसतं काळं पटांगण.
बोरीची खुंटं, गोगलगायींची पांढरी शंखं,
आणि कोतवाल पक्षी, काळ्यात काळा,
शेपूट चिरलेली, किडे टिपत.

नवतपा लागला तेव्हा
मडावीनं आम्हाला अडवलं.
"इकडून नका जाऊ जी. बसून राहिली थे."
दिसेना काहीच.
मग राखेतले चार खडे खडे नव्हते.

टिटवी ओरडत होती, आमच्या टाळूवरून.
आई म्हणायची, ती पाय वर करून झोपते,
आभाळ पडलं तर तोलायला.
इथे तर ती उभीच होती,
सत्तेचाळीस डिग्रीत, चोच उघडी,
अंड्यांवर स्वतःची सावली धरून.
मधेच तळ्यावर जायची,
पोट भिजवून यायची,
आणि ते ओलं पोट टेकवायची, हळू,
तापल्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.

मडावीनं चार दगड मांडले.
पायवाट फावड्यानं उचलली
आणि हातभर पलीकडे टाकली.
देवतळे चिडले.
त्यांची फेरी मोजून चार हजार पावलांची,
ऑर्डनन्स फॅक्टरीत बत्तीस वर्षं माप घेतलेला माणूस.
"अकरा वाढली," म्हणाले,
"एका पाखरापायी!"
आणि गेले, वळणावरूनच.

जूनच्या सातला वहीत:
'तीन चालत गेले. एक मुंगसानं.'
त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं.

पुढे पाऊस, पुढे गवत, पुढे ठेकेदार बदलला.
मडावी आता बुटीबोरीकडे कुठेशी
गोदामावर असतो म्हणतात.
नव्या पोऱ्याकडे टॅब आहे,
त्यात शेऱ्याला जागा नाही.
ते चार दगड
कोणी चुलीला नेले की मातीत गेले, देव जाणे.

पण वाट तिथे वाकते.
सपाट मैदानात, काही आड नसताना,
झाड नाही, खड्डा नाही,
वाट एक कड घेते आणि पुन्हा सरळ होते.
पळणारी पोरं वाकतात,
रोहीसुद्धा वाकतात, चिखलात खूर दिसतात.
परवा धुकं होतं, हात दिसत नव्हता हाताला.
पुढे देवतळे, मोठ्यानं मोजत,
आणि बरोबर त्या जागी
त्यांचा आवाज
जरासा डावीकडे सरकला.